डॉक्टर जॉन्सन आणि एका अक्षराची चूक

आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासग्रंथांत एका तहामुळे कायमचे नोंदले गेले आहे. इसवी सन १८०३ च्या नोव्हेंबर महिन्यात २९ तारखेस आडगावची लढाई झाली. डिसेंबरच्या १५ तारखेस मेळघाटातील गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला, आणि ३० डिसेंबर रोजी दौलतराव शिंद्यांचे वकील व इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली यांच्यामध्ये येथे तह ठरला. हाच आर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन या पदवीने जगप्रसिद्ध झाला. त्याचा वडील बंधू रिचर्ड, म्हणजे मार्क्विस वेलस्ली, हा त्या वेळी कलकत्त्यास गव्हर्नर जनरल होता.

या दोघा भावांची सरकारी पत्रे पुढे विलायतेत ग्रंथरूपाने छापली गेली. धाकट्याची पत्रे १८३४ पासून व थोरल्याची १८३६ पासून निघू लागली. अशा सरकारी खलित्यांस इंग्रजीत डिस्पॅच म्हणतात, व तोच शब्द दोन्ही ग्रंथांच्या नावांत आहे. परंतु मौज अशी की, एका ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हा शब्द डी, आय, एस असा आरंभिला आहे, तर दुसऱ्यावर डी, ई, एस असा! आईबाप एक, मोहीम एक, तह एक, आणि शब्दाचे स्पेलिंग मात्र दोन. शाळेतल्या एखाद्या मुलाने एकाच वहीत असे केले असते तर त्यास खचित तांबड्या शाईचा प्रसाद मिळाला असता. मग यांत चूक कोणाची? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपण एका थोर पुरुषाच्या घरी जाऊन पोचतो. अंजनगावचा तह होण्यापूर्वी एकोणीस वर्षे तो इहलोक सोडून गेला होता, परंतु त्याच्या एका नजरचुकीची छाया या ग्रंथांवर पडली आहे. तो पुरुष म्हणजे इंग्रजी भाषेचा सुप्रसिद्ध कोशकार डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन.

हे नाव महाराष्ट्रास परके नाही. जॉन्सनची रासेलस ही कथा कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणावयास घेतली व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते काम पुरे केले. विष्णुशास्त्र्यांनी आपल्या निबंधमालेतही जॉन्सनचे चरित्र मोठ्या आवडीने वर्णिले आहे. आम्ही येथे त्या चरित्राचा थोडा भाग, विशेषतः विद्यार्थ्यांच्या कामी पडेल असा, सांगणार आहोत.

सॅम्युअल जॉन्सन याचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडातील लिचफील्ड या गावी झाला. त्याचा बाप मायकेल पुस्तके विकण्याचा धंदा करी. मुलगा जन्मतःच अशक्त होता. गंडमाळेच्या रोगाने त्याच्या मानेवर व चेहऱ्यावर व्रण पडले, एक डोळा जवळजवळ निकामी झाला, आणि अंगास झटके येण्याची खोड त्यास जन्मभर जडली. परंतु ज्या घरी अन्नापेक्षा पुस्तके अधिक, त्या घरी वाढल्यामुळे हे पोर बापाच्या दुकानात बसून हाती लागेल तो ग्रंथ वाची, व एकदा वाचलेले सहसा विसरत नसे. १७२८ साली तो ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याच्या जोड्यांतून पायाची बोटे बाहेर दिसत. कोणा दयाळू गृहस्थाने एक नवा जोड त्याच्या दाराशी गुपचूप ठेवला, तेव्हा या मानी मुलाने तो रागाने फेकून दिला. सुमारे तेरा महिन्यांतच पैशाअभावी त्यास पदवी न घेता कॉलेज सोडावे लागले, आणि १७३१ साली बापही निवर्तला.

पुढे त्याने शिक्षक होऊन पाहिले. १७३५ साली एलिझाबेथ पोर्टर या आपल्याहून वयाने बरीच वडील असलेल्या विधवेशी त्याने विवाह केला आणि तिच्या पैशातून एडियल या खेड्यात स्वतःची शाळा काढली. पण चमत्कारिक हालचाली करणाऱ्या गुरुजीकडे मुले कोण धाडणार? शाळेत मूठभर विद्यार्थी जमले. त्यांतील डेव्हिड गॅरिक हा पुढे इंग्लंडचा अग्रगण्य नट झाला. शाळा बुडाली, आणि १७३७ साली गुरु-शिष्य दोघेही नशीब काढण्यास लंडनला निघाले. तेथे कित्येक वर्षे जॉन्सनने मासिकांसाठी पानामागे पान खरडून पोट भरले. ज्यास आपण आज विद्वानांचा शिरोमणी म्हणतो, त्याची पस्तिशी अशी अपयश व दारिद्र्य यांच्या सोबतीत गेली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

त्या काळी इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगची स्थिती आपल्या बाजारातील वजनमापांसारखी होती. ज्याचे माप त्याच्यापाशी. १४७६ साली कॅक्सटनने इंग्लंडात छापखाना आणला, तेव्हापासून छापणाऱ्यांनी हळूहळू काही वळण लावले होते. पण पत्रे लिहिणारा प्रत्येक गृहस्थ आपापल्या कानाप्रमाणे लिही. आणखी एक गोष्ट अशी झाली होती की, लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी काही शब्दांत मुळाची आठवण म्हणून न उच्चारली जाणारी अक्षरे घातली होती. कर्ज या अर्थाच्या डेट या शब्दातील बी आणि पावती या अर्थाच्या रिसीट या शब्दातील पी ही अक्षरे अशीच आलेली आहेत. जिभेस त्यांचा उपयोग नाही. ती केवळ वंशावळीच्या खुणा आहेत. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने कठीण शब्दांची एक लहानशी यादी छापली, व पुढे नेथन बेली याने मोठा कोश केला. परंतु ज्याकडे बोट दाखवून वाद मिटवावा असा ग्रंथ अद्याप झाला नव्हता. फ्रेंच लोकांत चाळीस सभासदांच्या विद्वत्सभेने कित्येक दशके खपून १६९४ साली आपला कोश सिद्ध केला होता. इंग्लंडात तशी सभा नव्हती.

ते काम लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन या पदवीहीन मनुष्याकडे सोपविले. जून १७४६ मध्ये करार झाला. मोबदला १५०० गिनी ठरला, व त्यांतूनच मदतनिसांचे पगार व कागदपत्रांचा खर्च भागवावयाचा होता. जॉन्सनचा अंदाज तीन वर्षांचा होता; प्रत्यक्षात जवळजवळ नऊ लागली. गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर त्याने सहा लेखक बसविले. त्यांतील पाच स्कॉटलंडचे होते. काम असे चाले: जॉन्सन चांगल्या ग्रंथकारांची पुस्तके वाची, उपयोगी वाक्याखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढी आणि समासात शब्दाचे आद्याक्षर मांडी. लेखक ते वाक्य चिठ्ठीवर उतरून घेत. मग त्या चिठ्ठ्या अक्षरवार लावून प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती व अर्थ तो स्वतः लिही. आरंभी कागदाच्या दोन्ही बाजूंस मजकूर लिहिल्यामुळे छापखान्यास तो चालेना, आणि पुष्कळसा भाग पुन्हा उतरावा लागला. आपल्या मराठीचा थोर कोशकार मोल्सवर्थ याने १८३१ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तोही असाच पंडितांच्या साहाय्याने शब्द वेचून व पारखून केलेला होता. कोशाचे काम म्हणजे धान्य निवडण्यासारखे आहे. डोळा क्षणभर ढळला की खडा राहून जातो.

या नऊ वर्षांत जॉन्सनवर संकटे थोडी आली नाहीत. १७५२ च्या मार्च महिन्यात त्याची पत्नी वारली, आणि माळ्यावरचे ते काम त्यास अत्यंत जड झाले. लॉर्ड चेस्टरफील्ड या धनाढ्य उमरावास त्याने १७४७ साली आपल्या कोशाचा संकल्प अर्पण केला होता. पण त्याने दहा पौंडांपलीकडे काही साहाय्य केले नाही व पुढे विचारपूसही केली नाही. कोश पुरा होत आला, तेव्हा मात्र त्याने वृत्तपत्रात दोन लेख लिहून स्तुती केली. १७५५ च्या फेब्रुवारीत जॉन्सनने त्यास पत्र लिहून सभ्य परंतु स्पष्ट शब्दांत कळविले की, बुडत असताना जो काठावर उभा राहून पाहतो, त्याचे साहाय्य काठास लागल्यावर नको. लेखकाने श्रीमंताच्या दारी तिष्ठत बसण्याचा काळ त्या पत्राने संपविला असे पुष्कळ लोक मानतात.

१५ एप्रिल १७५५ रोजी कोश दोन थोरल्या खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात बेचाळीस हजारांहून अधिक शब्द होते आणि त्यांचे उपयोग दाखविण्यासाठी लाखाहून अधिक उतारे दिले होते. पहिल्या आवृत्तीच्या २००० प्रती निघाल्या व किंमत साडेचार पौंड होती. ऑक्सफर्डने, ज्याने या विद्यार्थ्यास पदवीवाचून जाताना पाहिले होते, कोशाच्या मुखपृष्ठावर घालता यावी म्हणून त्यास एम. ए. पदवी दिली. पुढे शंभराहून अधिक वर्षे, म्हणजे ऑक्सफर्डचा मोठा कोश निघेपर्यंत, इंग्रजी शब्दाविषयी शंका आली की लोक जॉन्सनचे पान उघडीत.

आता त्या चुकीकडे वळू. जॉन्सनच्या पूर्वी डिस्पॅच हा शब्द इंग्रजीत आय या अक्षरानेच लिहिण्याची रीत होती. जॉन्सन स्वतः आपल्या लेखनात आय लिही. कोशात त्या शब्दाखाली ज्या ग्रंथकारांचे उतारे त्याने दिले आहेत, तेही सर्व आय लिहिणारे. असे असूनही कोशात शब्दाचे शीर्षक मात्र ई या अक्षराने छापले गेले! हे कसे घडले याचा उलगडा कोणास झालेला नाही. १७७३ साली त्याने चौथी आवृत्ती मोठ्या मेहनतीने सुधारून काढली. पण ही जागा तशीच राहिली. मग मोठ्याने केले ते बरोबरच असणार, या न्यायाने, सुमारे १८२० नंतर ई घालून लिहिण्याची रीत वाढत गेली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी वेलस्ली बंधूंची पत्रे दोन तऱ्हांनी छापली गेली. एका भावाच्या ग्रंथाने जुनी रीत धरली, दुसऱ्याच्या ग्रंथाने कोशाची. पुढे वेलिंग्टनच्या मुलाने बापाची राहिलेली पत्रे छापली, तेव्हा त्यानेही ई हेच अक्षर पसंत केले. आज दोन्ही रूपे चालतात, जरी आय असलेले अधिक आढळते. म्हणजे चूक इतकी वर्षे वापरात राहिली की ती चूक राहिलीच नाही.

जॉन्सनच्या कोशात असे आणखी खडे सापडतात. हलविता येण्याजोगे या अर्थाच्या मूव्हेबल या शब्दात त्याने मधला ई ठेवला, तर न हलणारे या अर्थाच्या इममूव्हेबल या शब्दातून तो काढून टाकला. डिसीट म्हणजे कपट आणि रिसीट म्हणजे पावती हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन घराण्यातले. पण पावतीत पी ठेवला आणि कपटात नाही. तीच विषमता जगाने पुढे चालविली व आजही परीक्षेत तीच बरोबर धरली जाते. म्युझिक, पब्लिक या शब्दांच्या शेवटी तो सी नंतर के लिही. ते मात्र लोकांनी टिकविले नाही. १८२८ साली अमेरिकेत नोआ वेब्स्टर याने आपला कोश काढला, तेव्हा त्याने के गाळला व कलर यांतील यूही गाळला. विलायतेने के सोडला, पण यू ठेवला. आरंभी जॉन्सनला भाषा कायमची बांधून टाकण्याची उमेद होती. काम संपता संपता त्याने प्रस्तावनेत कबूल केले की, जिवंत भाषा कोणाच्या बांधाने अडत नाही.

आमच्या मते या चरित्रातील खरा मोठेपणा येथून पुढे आहे. कोशात त्याने घोड्याच्या पायाच्या एका भागाचे वर्णन चुकीचे केले होते. एका बाईने त्यास विचारले की असे कसे झाले? लंडनच्या सर्व विद्वानांस वादात नमविणाऱ्या या पुरुषाने कोणतीही सबब न सांगता उत्तर दिले की, निव्वळ अज्ञानामुळे. त्याच्या आयुष्यात चूक मान्य करण्याचे याहून मोठे उदाहरण आहे. तरुणपणी एकदा आजारी बापाने त्यास उटोक्सेटर गावच्या बाजारात पुस्तकांचे दुकान सांभाळण्यास जाण्याविषयी विनविले होते. गर्वाने त्याने नकार दिला. सुमारे पन्नास वर्षांनंतर, कीर्तीच्या शिखरावर असताना, तो त्याच बाजारात गेला आणि बापाचे दुकान जेथे लागत असे त्या जागी पावसात उघड्या डोक्याने बराच वेळ उभा राहिला. लोक पाहून हसले असतील; पण त्याच्या मनावरचे ओझे हलके झाले.

१७६२ साली राजाने त्यास वर्षाला तीनशे पौंडांचे वेतन करून दिले, तेव्हा कोठे त्याची पोटाची विवंचना मिटली. त्या पैशावर त्याने घरात निराधारांचे एक कुटुंबच पोसले. त्यात अंध कवयित्री ॲना विल्यम्स होती, गरिबांस औषध देणारा रॉबर्ट लेव्हेट होता. जमैकात गुलामगिरीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर हा त्याचा सेवक. त्यास जॉन्सनने शाळेत घालून शिकविले आणि मृत्युपत्राने आपली बहुतेक मालमत्ता त्याच्या नावे ठेवली. १३ डिसेंबर १७८४ रोजी डॉक्टर जॉन्सन मरण पावला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन झाले, व गॉफ स्क्वेअरमधील ते घर आजही जतन करून ठेविले आहे.

आता या चरित्रावरून आमच्या वऱ्हाडातील विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, इंग्रजीच्या बाबतीत कानावर भिस्त ठेवू नये. आपली बाळबोध लिपी बहुतांशी उच्चाराप्रमाणे चालते. त्यातही दिन म्हणजे दिवस व दीन म्हणजे गरीब असा ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पालटतो, हे आपण जाणतोच. इंग्रजीत तर ई हा एकच दीर्घ उच्चार अनेक तऱ्हांनी लिहितात. आमच्या मुलांच्या वह्यांत सर्वांत अधिक आढळणारी चूक याच उच्चाराची आहे: रिसीव्ह या शब्दात ई आणि आय यांची अदलाबदल.

ती टाळण्याची युक्ती म्हणजे शब्दाचे घराणे ओळखणे. रिसीव्ह, डिसीव्ह, कन्सीव्ह, परसीव्ह हे चौघे भाऊ लॅटिनातील घेणे या अर्थाच्या एकाच धातूपासून आले आहेत, आणि चौघांतही सी नंतर प्रथम ई व मग आय येतो. रिसीट व डिसीट हे शब्दही त्यांचेच नातलग, म्हणून तेथेही तोच क्रम. पावतीत मात्र आय नंतर पी विसरू नये. कापसाच्या बाजारात किंवा पोस्टात पावती हाती आली की तिच्यावरचा हा शब्द एकदा डोळे भरून पाहावा. याउलट सी मागे नसेल तर बिलीव्ह, चीफ, पीस, फील्ड यांत आय अगोदर व ई मागून. जॉन्सनच्या जन्मगावाच्या नावाचा शेवटचा अर्धा भागही असाच लिहितात. सीझ म्हणजे जप्त करणे यांसारखे काही शब्द या नियमास जुमानीत नाहीत. ते बोटांवर मोजून पाठ करावे. दुसऱ्या घराण्यातील शब्दांसही हाच उपाय लागू पडतो: एक शब्द एकटा घोकण्यापेक्षा त्याचे चार सोबती जोडीला घ्यावे.

दुसरी गोष्ट ही की, संशय आला की कोश उघडण्याचा आळस करू नये. जॉन्सनने स्वतःच्या हातास रोज सरावाचा असलेला शब्दही कोशात निराळा छापला जाऊ दिला. मग आपल्या स्मरणाचा काय भरवसा? आणि जेथे विलायती व अमेरिकन अशी दोन रूपे प्रचलित असतील, तेथे एक पत्करून संपूर्ण लेखात तेच ठेवावे. वेलस्ली बंधूंचे दोन ग्रंथ दोन तऱ्हांचे असले तर चालेल. एका विद्यार्थ्याची एक उत्तरपत्रिका तशी असू नये.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. खेड्यापाड्यांतून येथे शिकावयास येणारी कित्येक मुले इंग्रजी स्पेलिंगच्या धाकाने लिहिणेच टाकतात. वहीवर दोन-चार तांबड्या रेघा पडल्या की त्यांस वाटते, आपली बुद्धीच कमी. हा समज सर्वथा खोटा आहे. ज्याने एकट्याच्या देखरेखीखाली इंग्रजी भाषेचे बेचाळीस हजार शब्द लावले, त्याच्या हातूनही एक अक्षर चुकले, आणि सुधारलेल्या आवृत्तीतही ते सुटले. त्यामुळे त्याचा कोश वाया गेला नाही व त्याची विद्वत्ता कमी ठरली नाही. चूक दाखविणाऱ्यावर तो रागावला नाही आणि लिहिणेही त्याने थांबविले नाही. आमच्या विद्यार्थ्यांनीही तांबडी रेघ पाहून वही मिटू नये. तिच्याखालचा शब्द कोशात शोधावा, समासात शुद्ध रूपाने तीनदा लिहावा, आणि पुढचे वाक्य लिहावयास घ्यावे.